नवाहो आणि होपी प्रदेशात जाताना

प्रश्न: जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून मोन्युमेंट व्हॅली आणि होपी या मूळ अमेरिकी जमातीची गावे पाहण्याचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १: आधी घड्याळाची. ॲरिझोनात उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणे) पाळली जात नाही, नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वशासित प्रदेशात, पाळली जाते आणि त्याने चहूबाजूंनी वेढलेल्या होपी प्रदेशात पुन्हा नाही. त्यामुळे फेरी आरक्षित करताना वेळ कोणती, हे स्पष्ट विचारावे.

उत्तर २: होपी गावांत छायाचित्रे, रेखाटने व ध्वनिमुद्रण यांना मनाई आहे, आणि तेथे माणसे राहतात हे लक्षात घेता ती रास्तच आहे. नवाहो हद्दीत मद्य नेऊ नये.

उत्तर ३: मोन्युमेंट व्हॅली हे नवाहोंचे स्वतःचे उद्यान असल्याने राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तेथे चालत नाही. आतला १७ मैलांचा रस्ता कच्चा व खडबडीत आहे. ज्येष्ठांसाठी स्थानिक मार्गदर्शकाचीच गाडी घ्यावी.