पहाटे साडेचारला लागणारा निकाल मुलीला एकटीने पाहायचा आहे – मार्गदर्शन हवे

नमस्कार.

माझ्या मुलीने अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केले आहेत आणि आता आम्ही मार्चअखेरच्या निकालांची वाट पाहत आहोत. ज्यांच्या घरी ही वेळ येऊन गेली आहे, किंवा ज्यांनी स्वतः असा निकाल पाहिला आहे, त्यांच्याकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. प्रश्न थोडा तांत्रिक आहे आणि बराचसा घरगुती; दोन्ही एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एकाच धाग्यात विचारते आहे.

तिने अर्ज केलेल्यांपैकी तीन विद्यापीठे आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटातील आहेत. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, प्रिन्स्टन आणि येल ही आठ विद्यापीठे नियमित फेरीचे निकाल एकाच संध्याकाळी जाहीर करतात. २०२४ मध्ये तो दिवस २८ मार्च होता आणि २०२५ मध्ये २७ मार्च. दोन्ही वर्षी वेळ होती तिथल्या पूर्व किनाऱ्यावरील संध्याकाळी सातची. मी पहाटे साडेपाचचा गजर लावणार होते, कारण डिसेंबरमधला निकाल साडेपाचलाच उघडला होता. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेला फरक साडेदहा तासांवरून साडेनऊ तासांवर येतो, हे मुलीनेच लक्षात आणून दिले. म्हणून या वेळी साडेचार.

डिसेंबरमध्ये जे घडले ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. तिच्या पहिल्या पसंतीच्या विद्यापीठात तिने लवकरच्या फेरीत अर्ज केला होता. निकालाच्या वेळी मी तिच्या खुर्चीमागे उभी होते आणि तिचे बाबा फोनवर चित्रीकरण करत होते. पत्र उघडले तेव्हा त्यात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. अर्ज मार्चच्या फेरीत पुन्हा विचारात घेतला जाईल, म्हणजे ज्याला सगळे ‘डिफर’ म्हणतात ते, असे लिहिले होते. मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी लगेच विचारले, “म्हणजे नक्की काय झालं?” तिच्या स्वतःच्या मनात ती गोष्ट उतरण्यापूर्वी तिला ती आम्हाला समजावून सांगावी लागली. ती शांतपणे बोलली, पण बोलून झाल्यावर उठून गेली आणि दिवसभर कोणाशी काही बोलली नाही. त्या चित्रफितीत तिचा चेहरा कसा होत गेला ते मी नंतर पाहिले, आणि ती चित्रफीत आम्ही काढून टाकली.

या वेळी तिने स्पष्ट सांगितले आहे की निकाल ती एकटी, दार लावून पाहणार. मला तिचे म्हणणे पटते. अडचण अशी की एका विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन करताना येणारा ओटीपी माझ्या फोनवर येतो, कारण आर्थिक साहाय्याची कागदपत्रे मी भरत होते आणि तेव्हा माझाच क्रमांक दिला गेला. म्हणजे ऐन वेळी तिला माझ्याकडे यावेच लागणार. शिवाय पासवर्डही मला माहीत आहे. ती झोपलेली असताना आपणच आधी पाहावे, नकार असेल तर तिला हळूहळू सांगावे, असा विचार माझ्या मनात दोनदा येऊन गेला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे. तसे करणे चूक आहे असे मला वाटते, तरी विचार जात नाही.

दुसरी काळजी अशी की गेले दोन आठवडे ती रोज रात्री पोर्टलमधील खुणा शोधत बसते. एखादा नवा दुवा दिसला, आर्थिक साहाय्याच्या पानावरील एखादी नोंद बदलली, की त्यावरून निकालाचा अंदाज बांधते आणि तिच्यासारखीच वाट पाहणारी मुले तिला आणखी अंदाज पुरवतात. काहींनी तर पानाचा पत्ता बदलून निकाल आधी दिसतो का, हे पाहण्याच्या युक्त्याही सांगितल्या आहेत. या खुणांना काही अर्थ असतो का? ऐन वेळी संकेतस्थळ उघडले नाही तर काय करावे? आणि दाराबाहेर असलेल्या आईवडिलांनी त्या वेळात नेमके कसे वागावे?

पहिला प्रतिसाद

माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी याच मार्गाने प्रवेश घेतला, त्यामुळे तुमचा धागा वाचताना ते दिवस आठवले. सर्वांत आधी त्या युक्त्यांविषयी सांगतो, कारण तिथे खरा धोका आहे. २००५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलसह अनेक संस्था प्रवेश अर्जांसाठी एकाच बाहेरच्या कंपनीची प्रणाली वापरत होत्या. स्वतःच्या पानाचा पत्ता थोडा बदलला की निकाल आधी दिसतो, अशी माहिती कोणीतरी एका चर्चास्थळावर लिहिली आणि अनेकांनी ती करून पाहिली. बऱ्याच जणांना कोरे पानच दिसले. हार्वर्डने मात्र तसा प्रयत्न करणाऱ्या सर्व ११९ अर्जदारांना प्रवेश नाकारला. त्यांनी दुसऱ्या कोणाचे पान उघडले नव्हते, फक्त स्वतःचा निकाल वेळेआधी पाहायला गेले होते. ही हकिगत मुलीला जरूर सांगा.

खुणांविषयी माझे मत असे की त्यांवरून काहीही ठरवू नये. नवे दुवे बहुतेकदा सगळ्याच अर्जदारांच्या पानावर एकदम टाकले जातात आणि आर्थिक साहाय्याची कागदपत्रे तपासणारा विभाग स्वतःच्या गतीने काम करत असतो. अधिकृत वाटणारा संदेशसुद्धा कधी चुकीचा निघतो: २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेने नकार मिळालेल्या सुमारे २८,००० विद्यार्थ्यांना स्वागताचा ईमेल पाठवला होता आणि नंतर चूक कळल्यावर माफी मागितली होती. पूर्वी टपालाने जाड पाकीट आले की प्रवेश आणि पातळ आले की नकार, असा समज होता. त्या पाकिटात निदान काही तथ्य होते, कारण प्रवेशासोबत पुढचे अर्ज येत असत. पोर्टलच्या खुणांना तेवढाही आधार नाही. पोर्टलमध्ये उघडलेले आणि शेवटपर्यंत वाचलेले पत्र, एवढ्यावरच विश्वास ठेवावा.

तांत्रिक तयारी आदल्या दिवशी उरकून घ्या. प्रत्येक पोर्टलवर लॉगिन करून पाहा, कारण ऐन वेळी पासवर्ड विसरला तर तो बदलण्याचा ईमेल उशिरा येतो. ओटीपीचा क्रमांक आजच बदलून मुलीचा द्या. निकाल ईमेलमध्ये सहसा नसतो. ईमेल फक्त कळवतो की पोर्टलवर नवे पत्र आले आहे, आणि त्यालाही उशीर होऊ शकतो, म्हणून त्याची वाट पाहत बसू नये. सातच्या ठोक्याला हजारो अर्जदार एकाच वेळी आत शिरतात. पान अडकले तर सारखे रिफ्रेश केल्याने प्रत्येक वेळी नवी मागणी सुरू होते आणि जुनी वाया जाते. पाच मिनिटे थांबून एकदाच प्रयत्न करणे बरे. काही विद्यापीठे प्रवेश मिळाल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव किंवा चित्रफीत दाखवतात. ती संथ जोडणीवर कधी उमटतच नाही. ती दिसली नाही म्हणजे नकार, असे समजून माझ्या मुलाने एक पत्र न वाचताच बंद केले होते. त्यात होकार होता.

दुसरा प्रतिसाद

मी स्वतः विद्यार्थिनी म्हणून लिहिते आहे. माझ्या आईने माझा एक निकाल माझ्याआधी पाहिला होता. हेतू चांगलाच होता, तुम्ही लिहिलाय तोच. सकाळी मी उठले तेव्हा घरातील सगळे इतक्या सांभाळून बोलत होते की पत्र उघडण्यापूर्वीच मला कळले. नकाराचे दुःख मला सोसता आले असते. पण माझ्या आयुष्यातील बातमी घरात सर्वांत शेवटी मला समजली, ही गोष्ट मनात फार दिवस राहिली. म्हणून कृपया पाहू नका.

आणखी एक. तिला वेटलिस्ट मिळाली, तर डिसेंबरसारखाच गोंधळ होईल, म्हणून तिचा अर्थ तुम्ही आताच समजून घ्या: यादीत राहायचे असल्यास तसे कळवावे लागते, जागा मिळेलच असे नसते, आणि म्हणून मिळालेल्या दुसऱ्या विद्यापीठात १ मेपर्यंत होकार आणि अनामत रक्कम देऊन जागा राखून ठेवावी लागते. तेवढे तुम्हाला माहीत असेल तर पहाटे साडेचारला तिला तुमची शिकवणी घ्यावी लागणार नाही. होकार कळवायला महिनाभर असतो, त्या पहाटे कोणताही निर्णय घ्यायचा नसतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ११९ अर्जदारांची हकिगत मी मुलीला वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि तिला युक्त्या पाठवणाऱ्या मैत्रिणीलाही पाठवली. रोज रात्री पोर्टल पाहणे पूर्ण थांबलेले नाही, पण कालपासून ती जेवणापूर्वी एकदाच पाहते.

दुसरा प्रतिसाद मी एकटीने वाचला आणि मग तिच्याकडे जाऊन माझ्या मनात आलेला विचार तिला सांगितला. तिने काही न बोलता लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघींनी बसून ओटीपीचा क्रमांक बदलला. त्यानंतर तिने सगळे पासवर्डही बदलले. मला ते थोडे लागले, पण तिचे बरोबर आहे. वेटलिस्टचा भाग तिच्या बाबांनी आणि मी समजून घेतला आहे.

आता ठरले आहे ते असे: साडेचारला आम्ही आमच्या खोलीत असू, तिच्या दाराबाहेर नाही. तिन्ही पत्रे वाचून झाल्यावर ती स्वतः येईल आणि तिला वाटेल तेवढेच सांगेल. सहापर्यंत आली नाही तर मी चहा करून तिच्या दारापाशी ठेवायचा आणि दार वाजवायचे नाही, हे तिने स्वतः सांगितले आहे.