प्रति: कंपनीच्या डॉक्टरांनी 12 टक्केच लिहिलंय

ताई, कामावरच्या अपघातात भावाचं मनगट आखडलं आणि कंपनीच्या डॉक्टरांनी 12 टक्केच अपंगत्व लिहिलं, पण ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. आधी पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात आहे का बघा. असेल तर वाट वेगळी, मेडिकल बोर्ड आणि त्यावर अपील. नसेल तर 1923 चा भरपाई कायदा (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, अपघात कधीचा ते बघा) आणि पुण्यातलं कामगार न्यायालय. दावा अपघातापासून 2 वर्षांत लावायचा.

खरी मेख पुढे आहे. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात सरळ 30 टक्के छापलेत. आखडलेलं मनगट त्यात नाही. तिथे डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती घटली ते ठरवायचं असतं, नुसतं मनगट किती वळतं ते नाही. भोसरीत लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) उभ्या माणसाला त्याची पकड, म्हणजे चक, आवळता येत नसेल तर 12 टक्के आले कुठून? 1976 च्या निकालात डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराला सुप्रीम कोर्टाने पूर्ण अपंगत्व धरलं, कारण सुतारकामच सुटलं होतं.

दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून दाखला घ्या, त्यात भाऊ नेमकं काय काम करायचा ते लिहून घ्या. कंपनीच्या डॉक्टरांची उलटतपासणी वकील घेतीलच. (लेथ कधी पाहिलाय का, हा पहिला प्रश्न!) आणि ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याच्या, कागदावर तोवर सही नको.