मदत हवी आहे : सॉफ्टवेअर अपडेटनंतर फोर बाय फोर गाडीच्या मागून येणारी घरघर

नमस्कार मंडळी,

आमची शेती वणी भागात, वर्धा नदीच्या अंगाला, संपूर्ण काळ्या जमिनीत आहे. घरापासून शेतापर्यंत साडेतीन किलोमीटरची पांदण आहे आणि पावसाळ्यात ती ट्रॅक्टरखेरीज कोणाला वाट देत नाही. म्हणून २०२३ च्या अखेरीस डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची फोर बाय फोर गाडी घेतली. खत, बियाणे, फवारणीचे पंप आणि प्रसंगी मजूर, सगळे तिच्यातूनच जाते. कंपनीचे आणि सेवाकेंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही; आवाजाचा उगम कळेपर्यंत कोणाला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

गाडी चासीवर बांधलेली आहे. मागे सलग ॲक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टायर २४५/७५ आर १६ मापाचे आहेत. टू-एच (फक्त मागची चाके), फोर-एच (चारही चाके) आणि फोर-एल (चारही चाके, कमी वेग पण जास्त ताकद) निवडण्यासाठी दांड्याऐवजी गोल बटण आहे. म्हणजे ट्रान्सफर केसमधली (ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वळवणाऱ्या पेटीतली) अदलाबदल एक छोटी मोटर करते आणि त्या मोटरला आज्ञा सॉफ्टवेअर देते. एवढे सविस्तर सांगण्याचे कारण पुढे येईलच.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ३९,८०० किलोमीटरला, नियमित सर्व्हिसिंग झाले. त्या वेळी मला न विचारता इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींच्या कंट्रोलरमध्ये नवे सॉफ्टवेअर भरण्यात आले. जॉबकार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढी एकच ओळ आहे. जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती, बदल कशासाठी, याचा उल्लेख नाही. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आमचा सालदार मागच्या सीटवरून म्हणाला, “भाऊ, मांगून कायतरी घरघर करून राह्यलं.” मी लक्ष दिले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र ते मलाही पुढे बसून ऐकू येऊ लागले.

आता ४१,३०० किलोमीटर झाले आहेत आणि माझ्या कानाला तीन वेगवेगळे आवाज येतात. पहिला घुमल्यासारखा, कानावर दाब देणारा. तो डांबरी रस्त्यावर ५५ ते ६५ च्या वेगात, ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला असताना येतो. दुसरा म्हणजे ती घरघर. ती साधारण ४० नंतर सुरू होते, वेगाबरोबर चढते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कमी होण्याऐवजी अधिक स्पष्ट होते. तिसरा आवाज उभ्या गाडीत डी वरून आर वर टाकताना खालून येणारा एकच ‘टक्’.

सेवाकेंद्र आमच्यापासून दोन तासांवर आहे. तेथे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी स्कॅनर लावून दोष दाखवणारा एकही कोड नाही, म्हणून गाडीत दोष नाही, असे सांगितले. दुसऱ्या वेळी गिअरबॉक्सचे ‘लर्निंग’ (गिअर बदलण्याबाबत त्याने स्वतः शिकून साठवलेली माहिती) पुसून पुन्हा करून दिले आणि हा आवाज नव्या सॉफ्टवेअरचा स्वभाव आहे, पुढच्या अपडेटमध्ये जाईल, असे उत्तर मिळाले. गावच्या मेकॅनिकने गाडीखाली न जाताच डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधली, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) गेल्याचे जाहीर केले. माझी स्थिती या दोघांच्या मधली आहे.

मी स्वतः एवढेच केले आहे : चारही रिमच्या आतून वाळलेली माती खरडून काढली. काळी माती रिमच्या आत बसून वाळली की विटेसारखी होते आणि चाकाचा तोल घालवते, हे येथील सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने स्टिअरिंगची थरथर गेली, पण वरील तिन्ही आवाज तसेच राहिले. टायर पुढचे मागे करून पाहिले, हवा सारखी केली, फरक नाही. संबंध असेल असे वाटत नाही, तरी सांगून ठेवतो : जुलैमध्ये दोनदा रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असताना गाडी काढली होती. पाणी चाकाच्या मध्याच्याही थोडे वर होते. (ते करायला नको होते. त्याबद्दल घरच्यांची बोलणी खाऊन झाली आहेत.)

सॉफ्टवेअर बदलल्याने यंत्राचा असा आवाज येऊ शकतो का, आणि येत नसेल तर कोणत्या भागापासून तपासणी सुरू करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दोन महिन्यांत कापूस वेचणी सुरू होईल आणि गाडी थांबवून ठेवणे मला परवडणारे नाही.

प्रतिसाद (हिंगणघाटहून, पूर्वी गॅरेज चालवत असे)

आपण आवाज तीन आहेत हे वेगळे करून सांगितले, याबद्दल आभार. बहुतेक लोक ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगतात आणि मग मेकॅनिक आपल्या सवयीचा भाग बदलतो.

स्कॅनरवर कोड नाही, याला या प्रकरणात काही अर्थ नाही. स्कॅनर फक्त सेन्सरने मोजलेली गोष्ट सांगतो. डिफरन्शियलच्या बेअरिंगला, प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला म्हणजे सांध्याला, किंवा क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या) दातांना आपल्या गाड्यांत सेन्सर नसतो. ते भाग पूर्ण झिजले तरी कोड येणार नाही.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने जाऊन गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि गाडी आपोआप मंद होऊ द्या. इंजिन मात्र बंद करू नका. बंद केल्यास स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर येते, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरचा वाटा जवळपास संपतो. घरघर तशीच राहून वेगाबरोबर उतरत गेली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. मग त्याच वेगात रस्त्याची रुंदी पाहून गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येते. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचे व्हील बेअरिंग पाहावे, उलट झाले तर डाव्या बाजूचे. वळण्याने काहीच फरक पडला नाही, तर संशय डिफरन्शियलवर जातो. त्यातही पाय काढल्यावर आवाज वाढणे हे पिनियनचे बेअरिंग सैल झाल्याचे जुने लक्षण आहे.

आता आपण ‘संबंध नसावा’ म्हणून सांगितलेल्या रपट्यावरच्या पाण्याकडे येतो, कारण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. धावून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते आणि आतली हवाही तापलेली असते. ते थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर (डिफरन्शियलमध्ये हवा ये-जा करू देणारी नळी) मोकळा असेल तर हवा आत येते. तो चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत येते. आपल्या काळ्या मातीत ब्रीदर बुजायला एक हंगाम पुरतो. पाणी शिरलेले ऑइल दातांवर आणि बेअरिंगवर थर धरत नाही, आणि पुढचे काम गंज करतो. जुलैत शिरलेले पाणी ऑगस्टच्या अखेरीस आवाज करू लागणे मला अगदी हिशेबात बसणारे वाटते.

म्हणून सर्वांत आधी मागच्या डिफरन्शियलचे ऑइल पाहा. पण भरण्याचा प्लग आधी उघडा, काढण्याचा नंतर. भरण्याचा प्लग गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागीच बसते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

‘टक्’साठी शाफ्टच्या क्रॉसमध्ये आणि सरकणाऱ्या स्प्लाइनमध्ये (खाचांच्या जोडात) ग्रीस भरून पाहावे. पाण्यात गेलेल्या गाडीला ते तसेही करायला हवे होते.

प्रतिसाद (अमरावतीचा, सध्या पुण्यात वाहनांच्या गिअरबॉक्सवर काम करतो)

वरील प्रतिसादाशी मी घरघरीबाबत सहमत आहे. घुमण्याबाबत मात्र सेवाकेंद्राचे म्हणणे पूर्ण खोटे नसावे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ऑइलमार्फत ताकद पोचते, म्हणून थोडी घसर असते आणि तीच घसर इंजिनचे धक्के गिळते. डिझेल वाचवण्यासाठी ठरावीक वेगाला आतला क्लच ती घसर बंद करतो. याला लॉक-अप म्हणतात. तो कोणत्या वेगाला, किती भाराला लागावा हे सॉफ्टवेअर ठरवते. भारत स्टेज ६ या प्रदूषण-नियमाचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि त्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील धुराचीही मोजदाद आली, त्यामुळे अशा बारीक फेरबदलांना महत्त्व आले आहे. नव्या आवृत्तीत लॉक-अप आधी लागत असेल, तर कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाचे धक्के थेट शाफ्टपर्यंत आणि तेथून गाडीच्या पत्र्यापर्यंत जातील.

हे ओळखण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. आपल्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण २.४३ मीटर आहे. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास ६.९ फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१ आहे, म्हणजे १० दातांच्या पिनियनला ४१ दातांचा क्राऊन आहे, असे धरले तर शाफ्ट सेकंदाला सुमारे २८ फेरे घेईल. झिजलेला क्रॉस दर फेऱ्याला दोन धक्के देतो, म्हणजे ५६. क्राऊन आणि पिनियनचे दात सेकंदाला सुमारे २८० वेळा एकमेकांना भिडतात. चार सिलिंडरचे इंजिन दर फेऱ्याला दोनदा पेटते. फेरे मिनिटाला १,४७० असतील तर सेकंदाला ४९. मोबाइलवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारे मोफत ॲप मिळते. ते मागच्या सीटवर ठेवून दोन्ही आवाज मोजा आणि ते यांतल्या कोणत्या आकड्याच्या जवळ येतात ते पाहा. गुणोत्तर गाडीच्या पुस्तिकेतून पाहून घ्या, माझा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे.

त्याहून सोपी परीक्षा म्हणजे घुमणे सुरू असताना मॅन्युअलवर घेऊन एक गिअर खाली टाकणे. वेग तोच, पण फेरे वाढले. घुमणे तत्काळ गेले, तर ते इंजिन आणि लॉक-अपचे आहे. तसे झाले नाही, तर मी चुकलो.

एक शक्यता मात्र सोडू नये. आपल्या गाडीत पुढचा ॲक्सल सुटा करण्याची सोय असेल, तर मोटरने तो पूर्ण सोडलेला नसतानाही घरघर येऊ शकते, आणि येथे सॉफ्टवेअरचा संबंध खरोखर येतो. पुढच्या शाफ्टवर खडूने खूण करा, टू-एच मध्ये गाडी चार-पाच फूट सरकवा. शाफ्ट ओढीने किंचित हलला तर चालेल, चाकाबरोबर फिरला तर नाही.

प्रतिसाद (वरोरा)

फक्त एक विचारतो. पांदणीतून डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-एच काढायचे राहून जाते का? अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधले डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगळे अंतर कापतात आणि तो फरक जिरवायला डांबरावर घसर मिळत नाही. ताण शाफ्टमध्ये साठतो. आमच्याकडे एका गाडीचा ‘टक्’ असाच वाढला होता.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले.

खडूची परीक्षा निर्दोष निघाली; पुढचा शाफ्ट जागेवरून हलला नाही. न्यूट्रलमध्ये घरघर तशीच राहिली आणि वेगाबरोबर उतरत गेली. वळवल्याने फरक पडला नाही. पुस्तिकेत गुणोत्तर ४.१ च निघाले आणि ॲपने ६० च्या वेगाला २८० च्या आसपास उंच टोक दाखवले. घुमण्याचा आवाज ५० च्या जवळ होता आणि एक गिअर खाली टाकताच तो असा गेला की सालदाराने मागे वळून पाहिले.

मग भरण्याचा प्लग आधी उघडला. आतले ऑइल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. ब्रीदरची नळी काढून फुंकर मारली तर हवा जाईना. टोकाशी काळ्या मातीची गोळी बसली होती. काढण्याच्या प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लेप आणि नखाच्या टोकाएवढे दोन चपटे तुकडे मिळाले. लेप असणे नेहमीचे आहे, असे गावच्या मेकॅनिकनेही मान्य केले. त्या तुकड्यांबद्दल तो गप्प राहिला. डिफरन्शियलबाबत त्याचे म्हणणे खरे ठरले, हे येथे नोंदवणे मला भाग आहे, जरी त्याने ते गाडीखाली न जाता सांगितले होते.

पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे ऑइल भरले, साठ किलोमीटर चालवून पुन्हा काढले आणि परत नवे भरले. घरघर कमी झाली आहे, गेलेली नाही. क्रॉस आणि स्प्लाइनला ग्रीस दिल्यावर ‘टक्’ जवळजवळ थांबला. वरोऱ्याच्या सदस्यांनी विचारलेली चूक माझ्या हातून क्वचित होते, मुलाच्या हातून वरचेवर होते, असे घरात चौकशी केल्यावर उघड झाले.

जुने ऑइल आणि ते तुकडे एका बाटलीत जपून ठेवले आहेत. येत्या गुरुवारी सेवाकेंद्रात जाणार आहे. घुमण्यासाठी सॉफ्टवेअरच्या दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक जॉबकार्डवर लिहून मागणार आहे. डिफरन्शियल उघडून पिनियनचे बेअरिंग तपासा, असे लेखी देणार आहे. पाणी शिरल्याचे कारण दाखवून ते वॉरंटी नाकारतील, असा माझा अंदाज आहे. ज्यांनी अशा प्रसंगात केवळ बेअरिंग बदलून क्राऊन-पिनियन तेच ठेवले, त्यांची गाडी पुढे किती चालली आणि दात एकमेकांशी पुन्हा जुळवण्याचे काम नागपूर किंवा चंद्रपूर भागात नीट कोठे होते, हे गुरुवारच्या आत कळले तर निर्णय घेणे सोपे जाईल.