गोबरगॅस शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,
गोठ्यात दहा म्हशी आहेत, शेण दीडशे किलोच्या घरात निघतं. घुमटाचा गोबरगॅस प्लांट आहे. दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊन चारेक घनमीटर गॅस उरतो. उन्हाळ्यात स्लरीच्या तोंडाशी बुडबुडे येतात, गॅस सरळ हवेत. जीव तुटतो, कारण कडबाकुट्टीच्या इंजिनाला डिझेल विकत आणावंच लागतं.

तालुक्याचा एक वर्कशॉपवाला फ्रीजच्या जुन्या कॉम्प्रेसरने घरगुती सिलिंडर भरून देतो म्हणतोय. चालेल का? गॅसला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पितळी कॉक काळे पडलेत, त्यावर उपाय काय? आणि कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या पाण्याने निघेल का?

प्रतिसाद:
दादा, सिलिंडरचं आधी थांबवा. एलपीजी थोड्या दाबाला पातळ होतो, म्हणून त्या टाकीत १४.२ किलो मावतो. गोबरगॅसमधला जळणारा मिथेन उणे ८२ अंशांखाली गार केल्याशिवाय कितीही दाबला तरी पातळ होत नाही. म्हणून सीएनजीच्या जाड टाक्यांत तो २०० बारला भरतात. घरगुती टाकी ३३ लिटरची. आठ बारला भरली तरी शेगडी जेमतेम तासभर चालेल. शिवाय कॉम्प्रेसरने ओढताना कुठून हवा शिरली, तर ५ ते १५ टक्के मिथेनचं मिश्रण ठिणगीने स्फोट करतं. सिलिंडर भरायला नागपूरच्या पेसोचा (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरची सुरक्षा पाहणारं केंद्र सरकारचं खातं) परवानाही लागतो.

वासासाठी लेथवरचा लोखंडी कीस पाणी मारून गंजवा, पाइपात भरा आणि गॅस खालून वर सोडा. कीस काळा पडला की बाहेर ओला पसरा, हवेने परत तांबूस होतो. तेव्हा तो चांगलाच तापतो, कडब्याजवळ ठेवू नका.

चुन्याने कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तुमच्या चार घनमीटरला रोज पाचेक किलो विरलेला चुना लागेल. मोठ्या प्लांटवर दाबाखाली पाण्याने धुतात. तुमच्या गॅसला तो वीजखर्च परवडणार नाही.

माझं ऐकाल तर भरूच नका. वास काढलेला गॅस बलूनमध्ये साठवा आणि एअर फिल्टरच्या पुढे इंजिनाच्या हवेच्या नळीत सोडा. इंजिन डिझेलवरच सुरू करायचं, मग गॅसचा कॉक हळूहळू उघडायचा. नीट बसलं तर निम्म्याहून जास्त डिझेल वाचतं आणि कार्बन डायऑक्साइड काढायची गरजच उरत नाही.

इंजिन किती हॉर्सपॉवरचं आणि प्लांटपासून किती लांब, ते इथे लिहा. पाइपची जाडी त्यावरून सांगता येईल.