अबोल माणसानं सेल्समध्ये जाऊच नये म्हणे!

कोपऱ्यातला_एमआर: काल इथंच एकानं ठणकावून लिहिलं की अंतर्मुख पोरांनी सेल्सच्या वाटेला जाऊ नये, कोडिंग नाहीतर अकाउंट्स बघावं. डोकं फिरलं वाचून. चौदा वर्षं एमआर आहे मी, औषध कंपनीचा माल घेऊन डॉक्टरांकडे फिरणारा, गडहिंग्लज-आजरा-चंदगड एरिया, लग्नातसुद्धा कोपऱ्यात बसणारा माणूस. डॉक्टर बडबडीला कंटाळलेले असतात, मी दोन वाक्यं बोलतो, बाकी ऐकतो, मागच्या व्हिजिटला काय विचारलेलं ते डायरीत असतं. टार्गेट पूर्ण होतं माझं. आणि माणसाला स्वभावाच्या सोळा प्रकारांत बसवणारी ती मायर्स-ब्रिग्ज चाचणी, मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या पुस्तकावरून बेतलेली, बेतणाऱ्या मायलेकी मानसशास्त्र शिकलेल्याही नव्हत्या.

झेपलं_नाही: तुम्हाला जमलं म्हणून सगळ्यांना जमतं का दादा? तीन वर्षं विमा विकला मी. सकाळी फोन हातात घेतला की पोटात गोळा, संध्याकाळी आईशी बोलायचंही त्राण नसायचं. आता माती परीक्षणाच्या लॅबमध्ये आहे, झोप लागते. चाचणी फालतू असेल, स्वभाव फालतू नाही.

एचआरवाली: चाचणी फालतू कशी? इंटरव्ह्यूआधी आम्ही घेतोच, माणूस कळतो.

कोपऱ्यातला_एमआर: मॅडम, मायर्स-ब्रिग्जवालेच सांगतात की भरतीसाठी वापरू नका. तुम्ही पोरांच्या पोटावर पाय देताय!

एचआरवाली: आवाज खाली. भरतीचं ठीक आहे, मान्य. पण टीम बसवताना उपयोग होतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

दहावीची_आई: ते सोडा, कल चाचणीचं बोला. २०१६ला बोर्डानं घेतली, थोरल्याचा कल आला ललित कला, आजोबांना हवा इंजिनिअर, आठ दिवस घरात रडारड. आता धाकटीच्या क्लासवाले बोटांच्या ठशांवरून करिअर सांगतो म्हणतात, डीएमआयटी, साडेचार हजार.

झेपलं_नाही: ताई, अजिबात नको! ठसे आईच्या पोटातच पक्के होतात, त्यात सेल्स का शेती कुठं लिहिलेलं असणार? मानसोपचारतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेनंच सांगितलंय, याला शास्त्रीय आधार नाही.

एचआरवाली: यावर मात्र मी यांच्या बाजूनं. शुद्ध लूट आहे ती.

कोपऱ्यातला_एमआर: झेपलं_नाही, तो पोटातला गोळा मलापण वर्षभर यायचा. माझा गेला, तुमचा नाही गेला, एवढं मानतो. पण ते आधीच कागदावर कळलं असतं, हे नाही मानणार.

दहावीची_आई: अहो पण मी कालच भरले पैसे. पावती आहे. परत मागता येतील का?