डिफेन्स कंपनीची ऑफर आहे, घेऊ का? सोमवारपर्यंत कळवायचंय

मनीषनगरकर: एका मोठ्या खासगी डिफेन्स कंपनीची ऑफर आली. पगार आत्ताच्या दीडपट. घरी दोन मतं झालीत, दोन रात्री झोप नाही. फायदे-तोटे सांगा, पण लवकर.

बर्डीचा_भाऊ: अरे भाऊ, काम काय ते तर सांग! डिझाइनला, क्वालिटीला की प्लांटवर? शिक्षण, अनुभव?

निवृत्त_आयुधनिर्माणी: बाळा, माझी अख्खी नोकरी आयुधनिर्माणीत गेली. क्वार्टर, दवाखाना, पोरांची शाळा, सगळं त्यातच झालं. सरकारीच बघ.

खापरी_नाका: काका, ते दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुधनिर्माण्या चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. अंबाझरीची फॅक्टरी 'यंत्र इंडिया' कंपनीत गेली, भंडारा अन् चांद्याची 'म्युनिशन्स इंडिया'त. २००४ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शनही नाही.

निवृत्त_आयुधनिर्माणी: कंपन्या झाल्या तरी मालक सरकारच आहे ना? खासगीत ऑर्डर संपली की माणूस घरी.

लाभांश_४४: नोकरी राहू द्या, डिफेन्सचे शेअर घ्या. मी घेऊन राहिलो.

मनीषनगरकर: सरकारी की खासगी हे मी विचारलंच नाही. मेकॅनिकल, सहा वर्षं अनुभव. पद प्रॉडक्शन इंजिनियर.

कामठी_रोड: प्रॉडक्शन म्हणजे मशीन शॉप की फिलिंग, म्हणजे स्फोटकं भरायचं काम? सगळा फरक तिथंच आहे.

मी एका ठिकाणी चार वर्षं फिलिंगला होतो, नाव घेत नाही. मोबाईल, काडेपेटी गेटवरच जमा. सुती कपडे, वेगळे बूट. शेडमध्ये पाय टाकायच्या आधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. दारावर पाटी असते: आत माणसं इतकी, माल इतका. आमच्या पाटीवर चार होते. एकदा माल पाठवायच्या घाईत सहा जण आत घेतले. मी काम थांबवलं, तर वरचे म्हणाले, 'चालते बे'. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला, भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत, स्फोटात आठ जण गेले, ती बातमी वाचून हात कापत होते माझे.

काम शिकायला याच्यासारखी जागा नाही, हेही खरं. मोजमापाची शिस्त मला तिथंच लागली. सही करायच्या आधी शेड बघू द्या म्हण.

बर्डीचा_भाऊ: घरी दोन मतं कोणाची?

मनीषनगरकर: बाबा हो म्हणतात. आई नाही म्हणते. आम्ही बौद्ध आहोत. तिचं म्हणणं, बुद्धानं उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात शस्त्रांचा पहिला, मग ही सम्यक आजीविका, म्हणजे योग्य मार्गानं पोट भरणं, कशी? तिला उत्तर देता येत नाही, खरं तर त्यासाठीच लिहिलं.

खापरी_नाका: बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यासाठी ते झटले. देशाचं रक्षण अधर्म कसं?

धम्ममित्रा: दादा, सैनिक होणं वेगळं अन् शस्त्र विकणं वेगळं. खासगी कंपनी निर्यातही करते, माल कोणावर पडेल ते तुमच्या हातात नाही. आईचा प्रश्न बरोबर आहे.

खापरी_नाका: ताई, मग सीमेवरच्या पोरानं काय घेऊन उभं राहायचं?

वाडी_क्र_८: मुलगा बारावीला आहे. एनडीएसाठी नागपुरात चांगला क्लास कोणता?

मनीषनगरकर: एचआरला आत्ताच फोन लावला. फिलिंगच आहे. ऑफर लेटरमध्ये नुसतं 'प्रॉडक्शन' लिहिलंय. उद्या प्लांट दाखवतो म्हणाले. आईला अजून फिलिंगचं सांगितलं नाही.

कामठी_रोड: जा. पाटी वाच, अन् आतली माणसं मोज. आईला आधी सांग, मग जा.

निवृत्त_आयुधनिर्माणी: बॉन्ड किती वर्षांचा आहे बाळा? ते तू अजूनही सांगितलं नाहीस.