महापालिकेची 'विनावापर' मिळकत खासगी संस्थेला : रहिवाशांनी कोर्टात जावं का?

चिंचपाणी

आमच्या प्रभागातली महापालिकेची प्राथमिक शाळा पट घसरल्यामुळे पलीकडच्या शाळेत विलीन झाली. तेव्हापासून इमारत आणि मागचं मैदान कुलपात आहे. आता ही मिळकत 'विनावापर' ठरवून एका खासगी शिक्षणसंस्थेला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा ठराव झालाय. काही रहिवासी उच्च न्यायालयात जायच्या तयारीत आहेत, काहींना हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की दुसऱ्या प्रतिसादापासून चर्चा तिथल्या पुढाऱ्यांवर घसरणार.

माझं मत : जावं. पण 'महापालिकेनं काहीच कुणाला देऊ नये' असं म्हणत नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ७९ महापालिकेला मिळकत विकायचा, भाड्यानं द्यायचा अधिकार देतंच. त्याला दोन लगाम आहेत. आयुक्तांनी महापालिकेची म्हणजे सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यायची, आणि मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये.

मला खुपतोय तो पहिला लगाम. आमचा ठराव प्रशासकांच्या काळातला आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि राज्यभर एकामागून एक महापालिकांवर प्रशासक बसले. प्रस्ताव ठेवणारे आयुक्त तेच, सभेच्या वतीनं मंजूर करणारे प्रशासकही तेच. कागदावर प्रक्रिया पूर्ण. पण पंधरा-वीस नगरसेवकांनी उठून 'ही जागा विनावापर कशी, कुणी ठरवलं?' असं विचारायची जी एक संधी होती, ती गेली. नगरसेवक काही धुतल्या तांदळाचे नसतात, पण निदान विरोधी बाकावरचा आरडाओरडा इतिवृत्तात तरी येतो.

आणि 'विनावापर' या शेऱ्यामागे आमच्याकडे काय आहे? मिळकत व्यवस्थापन विभागाची एक पानी टिपणी. आरोग्य विभागाला जागा हवी का, अंगणवाडीला हवी का, अभ्यासिकेला हवी का, हे विचारल्याचं एकही पत्र त्या फाइलमध्ये नाही. (माहिती अधिकारात फाइल पाहिली आहे, ऐकीव नाही.)

वेगळं मत असणाऱ्यांनी जरूर लिहा. फक्त 'कोर्टात जाऊन काय होतं' एवढंच लिहू नका.

हिशोबनीस

वेगळं मत आहे, आणि सविस्तर आहे.

त्या शाळेचा पट घसरत होता तेव्हा हे रहिवासी कुठे होते? याचिकेवर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं तिथे शिकली? बंद इमारतीला पहारेकरी लागतो, छत गळतं, तळमजल्यावर भुरटे बसतात, आणि एक दिवस स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'धोकादायक' शेरा बसला की पाडायचा खर्चही महापालिकेचाच.

पैशाचं बोलू. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून महापालिका राज्य सरकारच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. हातात उरला मालमत्ता कर, आणि तो वाढवायचं नाव काढलं की हेच सोसायटीवाले मोर्चा आणतात. कर वाढवू नका, जागा देऊ नका, आणि रस्ते, पाणी, दवाखाने मात्र झकास हवेत. हे कुठल्या गणितात बसतं?

शिवाय ही विक्री नाही, भाडेपट्टा आहे. मालकी महापालिकेकडेच राहते. संस्था शाळाच चालवणार आहे ना? कुलूप लावलेल्या शाळेपेक्षा मुलं असलेली शाळा बरी, एवढं साधं आहे हे.

कोर्टात गेलात तर 'जैसे थे' आदेश मिळेलही. मग जैसे थे म्हणजे काय, तर तेच कुलूप, आणखी दहा वर्षं.

तिरका डोळा

हिशोबनीस +१. कुलपातल्या मैदानावर चारचाक्या कुणाच्या लागतात, तेही धाग्यात लिहा की.

चिंचपाणी

@तिरका डोळा, लागतात. सोसायटीच्याच लागतात. हटवायला हव्यात. त्यावरून मैदान संस्थेला द्यावं असं सिद्ध होत नाही.

@हिशोबनीस, तीस वर्षांचा पट्टा म्हणजे आज पहिलीत जाणारं मूल पस्तिशी ओलांडेपर्यंत. मुदत संपली म्हणून जागा आपोआप परत येते असं समजू नका. मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे व ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे ही वाटणी ठरायला २०२४ उजाडलं. तिथे तर देशातली सर्वात श्रीमंत महापालिका आणि राज्य सरकार समोर होतं. आमच्या मिळकत विभागाकडून तुम्ही काय अपेक्षा करता?

मालमत्ता कराचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण भाडेपट्ट्याचा एकरकमी पैसा पगार आणि देखभालीत जिरला, तर तो दागिना मोडून किराणा भरण्यातला प्रकार झाला. ठरावात हा पैसा कुठे वापरणार याबद्दल एक ओळ नाही.

वकिलाचा शेजारी

(आयडी खरा आहे. मी वकील नाही, पण भिंतीपलीकडून बरंच कानावर पडतं.)

रहिवाशांना दाद मागायचा अधिकार आहे का, हा प्रश्न केव्हाच निकाली निघालाय. बंगळूरच्या राजमहाल विलास भागात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी दिली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. एकल न्यायाधीशांपुढे हरले, खंडपीठापुढे जिंकले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याच बाजूनं कौल दिला. रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, हा बचाव चालला नाही. नफ्यासाठी चालणारं खासगी रुग्णालय ही उद्यानाची भरपाई होत नाही, असा एकूण रोख होता. न्यासाला जागा द्यायचा आदेश मुख्यमंत्र्यांकडून आला होता, त्यावरही न्यायालयानं कडक ताशेरे ओढले.

दुसरं प्रकरण लखनौचं. अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायचं काम तिथल्या महापालिकेनं निविदा न काढता एका बिल्डरला दिलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधकाम तोडून पार्क पूर्ववत करायला लावला. सार्वजनिक जागेची महापालिका विश्वस्त असते, घरमालकासारखी वागू शकत नाही, हे तत्त्व इथे ठळकपणे आलं.

आता थंड पाणी ओततो. दोन्ही प्रकरणं उद्यानांची आहेत आणि दोन्हीत वापर बदलला होता. तुमच्याकडे शाळेच्या जागेवर शाळाच येणार आहे. विकास आराखड्यात (कुठली जागा कशासाठी राखायची ते ठरवणारा शहराचा नकाशा) मैदानावर स्वतंत्र 'खेळाचे मैदान' असं आरक्षण आहे, की अख्खा भूखंड 'प्राथमिक शाळा' म्हणून दाखवलाय? दुसरं असेल तर बंगळूरचा निकाल तुम्हाला फारसा कामाचा नाही. तुमची बाजू मग संस्था कशी निवडली यावर उभी राहील. निविदा काढली का? जाहिरात दिली का? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोपाळमधली २० एकर जागा एका स्मारक न्यासाला दिल्याचा निर्णय रद्द केला, तो याच मुद्द्यावर : जाहिरात नाही, इतर कुणाला संधी नाही, एका अर्जावर वाटप.

जमीन मुळात कशी आली तेही पाहा. भूसंपादनातून आली असेल तर केरळच्या एका खटल्यातला १९९७ चा निकाल आहे : मूळ हेतू भागून जमीन उरली तर आधी दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरा, तसं कामच नसेल तर जाहीर लिलाव करा. 'आधी' हा शब्द तुमच्या त्या एक पानी टिपणीच्या विरोधात जातो. जमीन दानात आली असेल तर बक्षीसपत्रातल्या अटी वाचा. जुन्या शाळांच्या जागा पुष्कळदा अशाच आलेल्या असतात आणि अटी कुणाच्या लक्षात नसतात.

हिशोबनीस

निकालांची यादी एकाच बाजूची नको. २जी (मोबाइल लहरींचं वाटप) प्रकरणानंतर राष्ट्रपतींनी केलेल्या विचारणेवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही. लोकहितासाठी दुसरी पद्धत चालते, फक्त ती मनमानी नको. शाळेसाठी जागा देताना सर्वात जास्त बोली लावणारा निवडायचा का? मग महागड्या फीची शाळाच येईल आणि तुम्हीच दुसरा धागा काढाल.

नकाशातली रेघ

नगररचनेत नोकरी झाली, म्हणून फक्त क्रमाबद्दल लिहितो. यात सगळा खेळ क्रमाचा असतो.

आरक्षित जागेचं मूल्यांकन करताना आरक्षणामुळे तिच्या वापरावर येणाऱ्या मर्यादा धरतात. साहजिक आहे, शाळेशिवाय तिथे काही बांधता येत नसेल तर भाव उतरणारच. या उतरलेल्या भावात पट्टा झाला. त्यानंतर दोन-चार वर्षांनी आरक्षणात फेरबदल झाला, किंवा मूळ वापराबरोबर पूरक व्यापारी वापराला परवानगी मिळाली, तर वाढलेली किंमत कुणाच्या पदरात? पट्टेदाराच्या. बाजारमूल्याची अट सही झाली त्या दिवशी पाळली गेली होती, त्यामुळे लेखापरीक्षणात बोट ठेवायला काही सापडत नाही.

तेव्हा ठरावापेक्षा करारनाम्याचा मसुदा मागा. वापरबदल झाला तर पट्टा आपोआप रद्द, पोटभाड्याला बंदी, ठरावीक वर्षांनी भाड्याचं फेरमूल्यांकन, मैदानाचा वेगळा नकाशा. ही कलमं आहेत का बघा.

आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना काढून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. तो महिना बहुतेकांना कळतच नाही. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टायपातल्या जाहिराती मी स्वतः पाठवल्या आहेत. वाचल्या जाव्यात अशा बेतानं त्या छापलेल्या नसतात, एवढंच सांगतो.

सई_मधली आळी

इतका वेळ वाचत होते. मला एक वेगळीच शंका आहे.

शाळेच्या मागे वस्ती आहे का? जिथली मुलं त्या शाळेत जात होती ती? त्यांच्यापैकी कुणी याचिकेत आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. विलीनीकरण झालं तेव्हा ती मुलं मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागली असतील. तेव्हा कोर्टाची भाषा कुणी केली नाही. आता खासगी शाळेच्या बस येणार, गर्दी होणार म्हटल्यावर सार्वजनिक मालमत्तेची आठवण झाली.

उद्या याच जागेवर सफाई कामगारांची घरं किंवा बेघरांसाठी रात्रनिवारा बांधायचं महापालिकेनं ठरवलं, तर हेच रहिवासी, हाच वकील, हीच विश्वस्ताची तत्त्वं. माझा विरोध याचिकेला नाही. 'रहिवासी' म्हणून जे पुढे येतात त्यांना सगळ्यांचे प्रतिनिधी मानायला आहे.

तिरका डोळा

सईताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

चिंचपाणी

@सई, वस्ती आहे. आत्तापर्यंतच्या बैठका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झाल्या, त्यामुळे तिथून कुणी आलं नाही हे खरं. पण याचिकाकर्त्यांचे हेतू शुद्ध नसले म्हणून बेकायदा ठराव कायदेशीर होत नाही. बस नको म्हणून गेलेल्या माणसालाही फाइलमधली उणीव दाखवायचा हक्क आहे.

@हिशोबनीस, लिलावच करा असं मी कुठे म्हटलंय? पद्धत मनमानी नको, हे तुम्हीच २०१२ च्या निकालातून उचललंत. इथे संस्थेनं अर्ज दिला, त्यावर टिपणी झाली आणि ठराव झाला. दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. याला तुम्ही काय म्हणाल?

हिशोबनीस

जाहिरात नसेल तर ती चूक आहे, मान्य. मग जाहिरात द्यायला लावा, ठराव कशाला उलथवता? महापालिकेनं पुन्हा निविदा काढून त्याच संस्थेला जागा दिली तर याचिकाकर्ते शांत बसणार आहेत का, हे प्रामाणिकपणे सांगा.

चिंचपाणी

काही बसतील, काही नाही. मी बसेन, पण इतर विभागांना आधी विचारलेलं असेल तरच.

वकिलाचा शेजारी

वाद चालू द्या, पण वेळेचं भान ठेवा. पट्ट्याची नोंदणी होऊन संस्थेनं बांधकामावर खर्च केला की कोर्ट विचारतं, 'इतके दिवस काय करत होता?' लखनौसारखे पाडापाडीचे आदेश रोज मिळत नाहीत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव निलंबित करायचा अधिकार राज्य सरकारला आहे. तिथे निवेदन आजच द्या, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आयुक्तांना लेखी हरकत, तिची पोचपावती, मग याचिका.

आणि सईताईंचा मुद्दा भावनिक म्हणून बाजूला ठेवू नका. समोरचा वकील तोच पहिला उचलेल. ज्या मुलांची शाळा गेली त्यांचे पालक याचिकेत असतील तर तिचं वजन वेगळं.

सई_मधली आळी

पालक येतील, मी बोलून बघते. माझी अट एकच. याचिकेतल्या मागण्यांमध्ये लिहा की मैदान संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना फाटक उघडून खुलं ठेवावं, पट्टा रद्द झाला तरी आणि नाही झाला तरी. गाड्या तिथून हलवाव्यात, हेही लिहा. पुढची बैठक क्लबहाउसमध्ये न घेता शाळेच्या फाटकापाशी घ्या, आणि ही दोन वाक्यं मसुद्यात टिकतात का ते इथे कळवा.

हिशोबनीस

टिकली तर मीही सही करीन. नाही टिकणार.